दोघांचा वात

दवाखान्यातून घरी येईपर्यंत गुरप्पाने बायकोला सांगायचं खोटं तीनदा घोकलं होतं, आणि उंबऱ्यापाशी चपला काढता काढता तो ते विसरलाही.

"काय म्हनला डाक्टर?" काशम्माने आतूनच विचारलं. "फोटोत काय दिसलं?"

"वात," गुरप्पा म्हणाला. "पोटात वात धरलाय. औषधानं जाईल म्हनला."

डॉक्टरांनी असं काहीही म्हटलं नव्हतं. काशम्माच्या पोटात गाठ होती, आणि ती कापून काढायची वेळ कधीच टळून गेली होती. "आता त्यांचा त्रास कमी करायचा, एवढंच आपल्या हातात आहे," असं म्हणून ते खिडकीबाहेर बघत बसले होते. गुरप्पाने तेव्हाच मनाशी ठरवलं होतं, काहीही झालं तरी हे काशीला कळू द्यायचं नाही. चाळीस वर्षं तो लुगड्यांच्या दुकानात उभा होता. मागच्या दिवाळीचं इरकल या दिवाळीचं म्हणून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारताना त्याच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नसे. पण बायकोपुढे त्याला धड एक वात विकता येईना.

"वात?" काशम्मा बाहेर आली. "एका ताटात जेवतो आपन. मग मला एकटीलाच कसा धरंल वो?"

प्रश्न बिनतोड होता. लग्नात दोघं एका ताटात जेवली, ती पुढं मूलबाळ झालं नाही म्हणून तशीच जेवत राहिली. दुसरं ताट फळीवर होतं, पण ते पाहुण्यांसाठी.

"मलाबी धरलाय की," गुरप्पा बोलून गेला. "डाक्टर म्हनला, दोगांनाबी हाय."

काशम्मा त्याच्याकडे बघतच राहिली. मग पदराने तोंड पुसून तिने औषधांची पिशवी हातात घेतली.

पिशवीत तीन औषधं होती. उलटी थांबवायची गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायची. कळ थांबवायची गोळी दिवसातून तीनदा. आणि या दुसऱ्या गोळीने आतडी सुस्तावतात, म्हणून निजताना दोन चमचे गुलाबी औषध, पोट साफ व्हायला. गोळ्या खास बायकांच्या आहेत असं सांगून गुरप्पा त्यांतून सुटला. गुलाबी बाटलीतून मात्र सुटका नव्हती. काशम्मा आधी त्याला पाजायची आणि मग स्वतः घ्यायची.

"पुरं गिळा. आ करा बगू."

"गिळलं की गं."

"जिबंखाली ठिवलंय. गिळा!"

तिच्या आळसावलेल्या आतड्यांना जे औषध जेमतेम जागं करत होतं, त्याने गुरप्पाच्या धडधाकट पोटात हलकल्लोळ माजवला. तिसऱ्या दिवशी वळसंगच्या एका बाईंपुढे त्याने लुगडं उलगडायला घेतलं आणि काठ दाखवून पदरापर्यंत पोचायच्या आत तो मागल्या दाराने पळाला. परत आला, माफी मागितली, पदर हातात घेतला आणि पुन्हा पळाला.

"गुरप्पा," दुकानाचे मालक चनबसप्पा ओरडले, "अर्दं लुगडं उलगडून कुटं जातोस रं? बाई एक टोक धरून हुब्या हायत!"

डॉक्टरांना सांगायची लाज वाटली, म्हणून संध्याकाळी तो दवाखान्यातल्या बिरप्पा कंपाउंडरला एकट्याला गाठून बसला. बिरप्पाने फार चौकशी केली नाही. पांढऱ्या मातीचं दाट औषध बाटलीत भरलं, बाटलीला डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवली आणि म्हणाला, "हे आतड्याला लेप देतंय. पातळ असंल ते घट्ट हुतंय. चार येळंला घ्या."

गुरप्पाने बाटली विभूतीच्या डब्यामागे लपवली. चाळीस वर्षांत त्या घरात काशम्मापासून कुठलीच वस्तू लपली नव्हती, हे त्याच्या ध्यानात यायला हवं होतं. दुसऱ्या सकाळी ती बाटली घेऊन समोर उभी राहिली.

"हे चोरून एकट्यानं घ्यायचं व्हय? डाक्टरनं जास्तीचं दिलं का तुमाला? तुमचा वात जास्ती हाय का?"

"न्हाई गं, तसं न्हाई..."

"मग मीबी घेनार. सारकाच वात, सारकंच औषध."

हे औषध तुझं नाही म्हणावं, तर आपला आजार एक नाही हे कबूल करावं लागत होतं. गुरप्पा तिसरं काही जुळवीपर्यंत काशम्माने एक खूण रिकामी केली.

चार दिवस हे चाललं. गुलाबी औषध जे कसंबसं पुढे ढकलत होतं, ते पांढरं जागच्या जागी थिजवत होतं. काशम्माचं पोट दगडासारखं झालं आणि थांबलेल्या उलट्या पुन्हा सुरू झाल्या. पाचव्या दिवशी दुधात कुस्करलेल्या भाकरीचा घासही तिच्या पोटात ठरेना. ताटातला तिचा अर्धा भाग तसाच राहिला, आणि गुरप्पालाही मग आपला अर्धा गिळवेना.

तो तडक दवाखान्यात गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला.

"अहो, एक औषध मोरी उघडणारं, दुसरं मोरी बुजवणारं! आणि ते तुम्ही दोघांनी वाटून घेतलंत? आजारी कोण आहे, याचा तरी पत्ता राहू द्या!"

"काय करू सायेब," गुरप्पा म्हणाला आणि दुकानात कधी रडला नव्हता तसा तिथल्या बाकावर बसून रडला. "मी न्हाई घेतलं तर तिला कळंल."

 डॉक्टरांनी बिरप्पाला हाक मारली. पांढरी बाटली बंद झाली. आता दोन गुलाबी बाटल्या झाल्या. काशम्माच्या बाटलीत औषध होतं. गुरप्पाच्या बाटलीत तोच रंग घातलेलं साखरेचं पाणी. "पुरुषांचा डोस वेगळा असतो, म्हणून सांगा," डॉक्टर म्हणाले.

तीन दिवसांत काशम्माचं पोट हललं, उलट्या कमी झाल्या. गुरप्पा तर ठणठणीत झाला. दुकानात लुगडी पदरापर्यंत उलगडू लागली. रोज निजताना तो आपले दोन चमचे तोंड वेडंवाकडं करून घ्यायचा, आणि काशम्मा त्याच्याकडे टक लावून बघायची.

चौथ्या दिवशी तिने स्वतःचं औषध बाजूला ठेवलं, त्याची बाटली उचलली आणि चमचाभर तोंडात घातलं. 

"ग्वाड हाय," ती म्हणाली.

"पुरुषांचं..."

"साखरेचं पानी हाय वो हे. मला काय साखर ठावं न्हाई?" तिने चमचा खाली ठेवला. "तुमाला काईच झालं न्हाई. व्हय की न्हाई? माजी शप्पत हाय."

गुरप्पाने मान खाली घातली. "मला काय न्हाई झालं, काशी."

आता ती पुढचं विचारणार, आणि आपल्याला सांगावं लागणार, म्हणून त्याने डोळे मिटून घेतले. पण ती काहीच विचारीना. त्याने डोळे उघडले तर ती पदर तोंडाला लावून रडत होती, आणि रडता रडता तिला हसूही येत होतं.

"माज्या पोटातली गाठ माज्याच हाताला लागती की," ती म्हणाली. "आमच्या आईचंबी असंच हुतं. माजं मला कवाच कळलं हुतं. पन तुमी म्हनलासा, दोगांनाबी हाय. मला वाटलं, तुमच्याबी पोटात तसलीच गाठ हाय आन् डाक्टरनं तुमाला खोटं सांगितलंय. लई भ्याले वो मी. तुमी औषध टाळाय लागलासा की जीव नुसता वर-खाली व्हायचा."

 इतके दिवस गुरप्पा तिच्यापासून लपवत होता, आणि ती बिचारी त्याच्या मरणाला भिऊन त्याला जुलाब पाजत होती.

काशम्माने स्वतःची बाटली घेतली, दोन चमचे मोजले आणि त्याच्याकडे न बघता घटाघटा पिऊन टाकले.

"मला एकटीलाच हाय म्हना की," ती मोठा श्वास सोडत म्हणाली. "बरं झालं बाई. बगा, भूकबी लागली. भाकरी कुस्करा जरा दुदात."

गुरप्पा चुलीपाशी जाऊन बसला. तो दुधात भाकरी कुस्करत होता, आणि बाहेरून काशम्मा सांगत होती की बारीक कुस्करा, घाई करू नका.