अपील कोर्टाला दाखवलेलं स्वयंपाकघर

तीन-तीन न्यायाधीशांना एका दमात गप्प बसवणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. ती मी, हमीदा. मूळ दाभोळची, मुक्काम देरा, दुबई. कायद्याचं शिक्षण सगळं व्हॉट्सअॅपवर.

गोष्ट घराची आहे. ज्या फ्लॅटमध्ये मी लग्न होऊन आले, जिथे आमची हिबा रांगायला शिकली, तिथून आम्हांला काढायचं घरमालकाने ठरवलं. खरं कारण एवढंच की आम्ही जुने आणि आमचं भाडंही जुनं. पण तसं कोर्टात सांगता येत नाही. म्हणून त्याने लिहून दिलं की ही बाई राहत्या घरात विनापरवाना खाणावळ चालवते, आणि तिच्या घाणेरड्या मासळीचा वास जिनाभर येतो.

खाणावळीचं खरं होतं. माझ्या नवऱ्याची, शौकतची नोकरी गेल्यापासून आमचं घर डब्यांवरच चालत होतं. आजूबाजूच्या खोल्यांत दाटीवाटीने राहणारी आपली माणसं तांदळाची भाकरी आणि सोड्यांचं, म्हणजे सुक्या कोळंबीचं, कालवण बघून मिटक्या मारायची. लायसन्स नाही हे मला माहीत होतं. त्याबद्दल कुणी काही बोललं असतं तर मी मान खाली घातली असती. पण घाणेरडी मासळी?

खालच्या कोर्टात मालकाकडे पुरावा म्हणून एका शेजाऱ्याचं नाक होतं, बस. न्यायाधीश म्हणाले, एवढ्यावरून खाणावळ सिद्ध होत नाही. दावा फेटाळला. मी गल्लीत शिरखुर्मा वाटला. वाटून होतोय तोवर मालकाने अपील केलं.

शैलेंद्र म्हणजे शौकतचा जुना मित्र, पुण्याचा, एका वकिलाच्या ऑफिसात कामाला. आमची केस तोच बघत होता. त्याने मला समोर बसवून समजावलं.

"भाभी, अपील म्हणजे केस पहिल्यापासून नाही. खालच्यांनी चूक केली का, एवढंच वरचे बघणार. पुरावा नव्हता म्हणून आपण जिंकलो. आता फक्त कुणी नवा पुरावा आणून देता कामा नये. तो मात्र इथे चालतो."

"मालक आणेल?"

"कुठून आणेल? त्याच्याकडे काही नाहीच. आपण शांत बसायचं."

"मग माझ्या मासळीचं काय?"

"मासळीचं काय?"

"तिला घाणेरडी म्हणालेत. खालच्या साहेबांनी त्यावर एक अक्षर लिहिलं नाही."

"गरज नव्हती, भाभी."

"त्यांना नसेल."

शौकतने मोबाइलमधून डोकं वर काढलं. "हमीदा, तुला घर पाहिजे की सर्टिफिकेट?"

"दोन्ही," मी म्हणाले.

सुनावणी ऑनलाइन होती. मी ओढणीला इस्त्री केली. लॅपटॉपवर तीन चौकोनांत तीन न्यायाधीश. खालच्या कोर्टात एकच होते, इथे तीन. मला वाटलं, आपली पत वाढली.

"मम्मी, डोन्ट टच एनिथिंग," हिबा म्हणाली. "माइक इज ऑफ. कीप इट ऑफ."

मालकाचा वकील अरबीत बोलू लागला. दुभाष्या विमानतळावरच्या घोषणेसारख्या आवाजात हिंदी करत होता. "वकील साहब कहते हैं, किचन बहुत गंदा है. मछली सड़ती है. कॉकरोच हैं."

कॉकरोच! माझ्या घरात!

माझं बोट माइकवर कधी गेलं मला कळलं नाही. "जजसाहब, आप खुद देखिए," म्हणत मी लॅपटॉप उचलला आणि थेट स्वयंपाकघरात. मागे चार्जरची वायर, वायरीमागे हिबा. आपल्या चौकोनात शैलेंद्र दोन्ही हात असे हलवत होता, जणू समोरून विमान अंगावर येतंय.

मी फरशी दाखवली. आरशासारख्या घासलेल्या देगा दाखवल्या. सोड्यांची बरणी उघडून कॅमेऱ्यापुढे धरली आणि म्हणाले, "सूँघिए." मग ओट्यावर भरून ठेवलेले डबे दाखवले. ओळीने, प्रत्येकावर खोलीचा नंबर, कमी तिखटवाल्यांना हिरवी चिठ्ठी. तिघेही गप्प. मधल्या वयस्कर साहेबांनी चष्मा सारखा केला आणि फार मायेने काहीतरी विचारलं.

"जज साहब पूछते हैं, ये सब डिब्बे घर के लिए हैं?"

इतक्या आपुलकीने माझ्या सासरीही कुणी कधी विचारलं नव्हतं. "नहीं साहब, घर में तो हम तीन ही हैं. इससे पूरी गली खाती है. बरसों से. एक का पेट नहीं बिगड़ा."

साहेबांनी मालकाच्या वकिलाला विचारलं, आणखी काही म्हणायचंय? तो म्हणाला, काही नाही, शुक्रन. शैलेंद्रच्या चौकोनात फक्त त्याचा भांग दिसत होता. डोकं टेबलावर होतं.

निकाल अरबीत आला. शैलेंद्रने घरी येऊन वाचून दाखवला. खालचा निकाल रद्द, घर खाली करा. मग त्याने पान उलटलं. "भाभी, यात एक ओळ आहे. स्वयंपाकघर न्यायालयाने स्वतः पाहिलं असून ते अत्यंत स्वच्छ, शिस्तबद्ध आणि..."

"आणि?"

"आणि व्यावसायिक दर्जाचं आहे. त्यावरूनच खाणावळ सिद्ध होते."

"काँग्रॅट्स, मम्मी," हिबा म्हणाली आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

"याच्या वर कुठलं कोर्ट?" मी विचारलं.

"खलास, भाभी."

आता आम्ही शहराबाहेर, इंटरनॅशनल सिटी नावाच्या वस्तीत एका खोलीत राहतो. स्वयंपाकघर दुसऱ्या कुटुंबाबरोबर वाटून घेतलंय. दुपारी शेगडी त्यांची असते, त्यामुळे डबे बंद. जुनी गिऱ्हाइकं फोन करून विचारतात, मी सुट्टीवर म्हणून सांगते. शौकत रोज इस्त्रीचा शर्ट घालून काम शोधायला जातो आणि तोच शर्ट चुरगळून परत आणतो. मला तो एका शब्दाने बोललेला नाही. फक्त गावाहून कुणाचा फोन आला, आणि त्यांनी विचारलं की एवढं चांगलं घर का सोडलंत, की तो फोन माझ्या हातात देतो.

"घे," म्हणतो. "तूच बोल. तू चांगलं बोलतेस."