तात्या आणि चपट्या नाकाची राणी

आमच्या शेजारचे धोंडीरामतात्या कुणाच्याही घरी गेले, की आधी गोठ्यात शिरून जनावराच्या नाकापुढं तळहात धरायचे. माणसांची चौकशी मग. सारी नोकरी जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून झालेली. आमच्या म्हशीचा श्वास मोकळा लागला की "झकास!" म्हणायचे आणि मगच चहाला टेकायचे.

कोल्हापुरात अजून टीव्ही आला नव्हता, तेव्हाची गोष्ट. पलीकडच्या बंगल्यातल्या सरनोबत कंत्राटदारांनी मुंबईहून पेकिनीज जातीची कुत्री आणली. नाव राणी. तोंड इतकं चपटं, की पळताना भिंतीवर आपटली असावी असं वाटे. साऱ्या गल्लीला कौतुक. तात्यांनी तळहात धरला आणि त्यांचा चेहराच उतरला.

"साहेब, ही घोरत न्हाय. गुदमरतीया."

"जातच तशी आहे, तात्या. नाक जितकं बसकं, तितकी पिल्लांना मागणी!"

पहिल्याच वेताला राणी अडली. पिल्लांची डोकी मोठी. डॉक्टरांनी पोट फाडून दोन पिल्लं काढली, त्यातलं एक जगलं. राणीला धरून तात्याच बसले होते. तरी सहा महिन्यांनी सरनोबतांनी पुण्याहून नर मागवायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी बंगल्याच्या फाटकासमोर स्टूल टाकलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवायचे.

"पावणं, जरा नाक दाबा की. आता त्या खांबापतोर पळून या. जमलं? ह्या मुक्या जिवाला जलमभर तसंच जगायचंय."

हळूहळू सरनोबतबाईंच्या मैत्रिणीसुद्धा फाटकात नाक दाबून बघू लागल्या. पिल्लू सांगून ठेवलेल्या दोघींनी नको म्हणून कळवलं. अकराव्या दिवशी सरनोबत तणतणत बाहेर आले आणि त्यांनी राणीला तात्यांच्या मांडीवर ठेवलं.

"घ्या! तुम्हीच सांभाळा. पण माझ्या दारातनं उठा!"

"परत मागायची न्हाय."

"नाही मागत!"

"मग उठतो की."

पुढं उन्हाळ्यात एका दुपारी आईनं दिलेलं लोणचं घेऊन मी तात्यांकडं गेलो. भिंतीला टेकून, पाय पसरून ते बसले होते. त्यांच्या मांडीवर हनुवटी टेकून राणी झोपली होती. तात्या हलले नाहीत.

"मान उंच ऱ्हायली तरच झोप लागती हिला," ते कुजबुजले. "सकाळधरनं बसलोय. पाय पार बधिर झालाय."

"मी घेऊ का थोडा वेळ?"

"नगो." ओला पंचा हलवून तिला वारा घालत ते म्हणाले, "तुझी काकी गेल्यापासनं ह्या घरात कोण एवढं निवांत झोपलं न्हवतं बग. मी बी न्हाय."