मुन्शीजींचं स्पॅनिश

आलापल्लीच्या सागवान डेपोतले मुन्शी गुणवंतराव यांना मराठी अर्ज धड लिहिता येत नव्हता, म्हणून ते स्पॅनिश शिकत होते. बावन्न साली देश सोडून चाललेल्या एका साहेबाच्या सामानाच्या लिलावात त्यांनी स्पॅनिश व्याकरणाचं पुस्तक उचललं होतं, आणि सध्या माणसाची माणसाशी तुलना करायचा धडा चालू होता. गावात स्पॅनिश कळणारं कोणी नव्हतं, म्हणजे चूक काढणारंही कोणी नव्हतं. विद्वत्तेला आणखी काय लागतं?

त्या दिवशी पोंभुर्ण्याचे देवाजी आपल्या मुलाला, शालिकरामाला घेऊन मुन्शीजींची वच्छला पाहायला आले. पोरगी गुणाची, पण ताडमाड उंच. तेवढ्यावरूनच दोन स्थळं फिरली होती. म्हणून तिच्या आईने, सुगंधाबाईने, तिला आधीच पाटावर बसवून ठेवलं आणि नवऱ्याला बजावलं, "पोरीले उठवू नोका. अन् तोंड बंद ठेवा."

चहा झाला. देवाजी सहज म्हणाले, "मुन्शीजी, तुमी परदेशी भाषा शिकून राह्यले म्हन्ते. बोला ना जरासक."

झालं! गुणवंतराव छाती फुगवून म्हणाले, "वच्छला एस मास आल्ता के शालिकराम."

"म्हंजे?"

इथे एखादा मूर्खही गप्प बसला असता. पण मुन्शीजी पडले विद्वान. "म्हंजे, वच्छला शालिकरामपेक्षा उंच हाये!"

"काहीतरीच!" देवाजी हसले. "पोरगी त इत्तीशी दिसते."

आपलं स्पॅनिश खोटं पडतंय हे मुन्शीजींना सोसेना. लाकडं मोजायचा फिता खिशातून काढत ते गरजले, "वच्छले, उभी राह्य! जावाईबापू, तुमीबी!"

दोघं उभी राहिली. शालिकरामाचा फेटा कसाबसा तिच्या कानापर्यंत पोचला. सुगंधाबाईने कपाळावर हात मारून घेतला. देवाजी वहाणा शोधू लागले.

"बाबा, बसा," शालिकराम म्हणाला. "मी हिले बाजारात पह्यलेच पाह्यलो. घरचं शिंकं उतरवाले माय रोज पाटावर चढते. मले पोरगी पसंत हाये."

वच्छलेने लाजून मान खाली घातली, तर समोर शालिकरामच होता. दोघंही हसली. देवाजी पुन्हा बसले.

"पाह्यलं?" मुन्शीजी बायकोला म्हणाले. "स्पॅनिशनं जमवलं!"

"डेपोतला ओंडका तुमच्यापेक्षा शहाणा हाये," सुगंधाबाई कडाडली. "सांगा आता हेबी तुमच्या भाषेत!"

गुणवंतरावांनी डोळे मिटून जुळवाजुळव केली आणि ते वाक्य खणखणीत आवाजात स्पॅनिशमध्ये म्हणून दाखवलं. मग पाहुण्यांना त्याचा अर्थही सांगितला.

"अन् एकबी चूक नाई यात!" ते म्हणाले.

सगळ्यांनी माना डोलावल्या.