काकांची किंमत, दोन दशांशांपर्यंत

"काका, तुम्ही फक्त सहीची तयारी ठेवा. किंमत कशी वाढवायची ते माझ्यावर सोडा," असं पुतण्या छाती पुढे काढून म्हणाला, आणि तिथेच माशी शिंकली.

पुतण्याचा धंदाच तो. एका देशातल्या कंपनीने दुसऱ्या देशातली कंपनी घ्यायची म्हटली, की तिची किंमत किती, पैसे कधी आणि कुठल्या अटींवर द्यायचे, हे तो ठरवून द्यायचा. घरात त्याला दशांश म्हणत. चहा किती घेणार विचारलं तर हा अर्धा कप म्हणायचा नाही, पॉइंट पाच शून्य म्हणायचा.

काकांचा कारखाना होता पंपात बसणाऱ्या रबरी रिंगांचा. मुलगी दूर देशी, मागे बघणारं कोणी नाही, छातीचं ऑपरेशन होऊन गेलेलं. म्हणून एका परदेशी कंपनीला तो विकायचं ठरलं. काकांची अट एकच होती. रबर मळायच्या यंत्राशेजारी त्यांची एक लाकडी खुर्ची होती. तीस वर्षं रोज सकाळी ते तिच्यावर बसून यंत्राचा आवाज ऐकायचे आणि मध्येच म्हणायचे, "काढा." की माल बाहेर. ती खुर्ची आणखी तीन वर्षं त्यांना हवी होती. पैशाचं काय ते तुम्ही बघा, म्हणाले.

आता परदेशी लोक काही दुधखुळे नव्हते. कारखाना एका म्हाताऱ्याच्या कानावर चालतो हे त्यांनी हेरलं आणि किमतीतून अठरा टक्के कापले. उद्या या माणसाचं काही झालं तर आम्ही काय करायचं, असं त्यांचं म्हणणं. पुतण्याला ते अठरा टक्के झोंबले. त्याने काकांना महिनाभर घरी बसायला सांगितलं. तुमच्यावाचून कारखाना चालतो हे मी सिद्ध करून दाखवतो, म्हणाला. शहाण्या माणसाने स्वतःच्या काकांना असं सांगावं का? पण याला आकडा दिसला की माणूस दिसायचा नाही.

काका घरी बसले. दुसऱ्याच दिवसापासून ते सकाळी आठला मोबाइल घेऊन न्हाणीघरात जायचे, नळ सोडायचे आणि पाऊण तास बाहेर यायचे नाहीत. काकूंचा जीव टांगणीला. त्यांनी पुतण्याला सांगितलं, पुतण्याने डॉक्टर आणला, डॉक्टरने पोट दाबून बघितलं आणि दोन कडू औषधं लिहून दिली. काकांनी ती महिनाभर निमूट घेतली. पोटाला काहीही झालेलं नसताना!

महिना संपला आणि पुतण्या आनंदाने नाचायचाच बाकी राहिला. आधी शंभरात चार रिंगा वाया जायच्या, आता तीनच! त्याने अठरा पानांचा अहवाल लिहिला. शेवटच्या पानावर जाड अक्षरात ओळ होती: मालकाच्या अनुपस्थितीचा परिणाम, शून्य पॉइंट शून्य शून्य. परदेशी मंडळींनी अठरा टक्के सोडले. पुतण्याने पेढीत सगळ्यांना सांगून टाकलं, असं काम या इमारतीत कुणी केलेलं नाही.

मग परदेशी कंपनीच्या वकीलबाईंचं पत्र आलं. फार सभ्य पत्र होतं. ज्यांच्या नसण्याने काहीच बिघडत नाही त्यांना तीन वर्षं ठेवण्याचं कारण दिसत नाही, सबब खुर्चीची अट वगळली आहे. उलट नवी अट घातली आहे, की जुन्या मालकांनी कारखान्याच्या कामात कुठल्याही प्रकारे ढवळाढवळ करू नये. किमतीचे सत्तर टक्के आता, तीस टक्के वर्षाने, माल असाच चांगला निघाला तर.

पुतण्याला भांडायचं असतं तर एकच वाक्य बोलायचं होतं: माझा अहवाल चुकीचा आहे. तेवढं मात्र त्याच्या जिभेवर येईना. काकांना त्याने सांगितलं, कागदावरचं असतं हो ते, अडलं की बोलावतील. काकांनी सही केली. कारखान्याच्या दोनशे चौदा वस्तूंची यादीही पुतण्यानेच केली होती. एकशे नव्वदावी वस्तू होती मालकाचा मोबाइल, नंबरासह. तोही काकांनी टेबलावर ठेवला.

तीन महिन्यांत शंभरातल्या एकतीस रिंगा कचऱ्यात जाऊ लागल्या. तीस टक्के अडकले. दुसरी पाळी बंद झाली, चाळीस माणसं घरी बसली. आणि एका दुपारी कारखान्याचा फोरमन पुतण्याच्या पेढीत आला, पाणीसुद्धा नको म्हणाला आणि उभ्या उभ्या सगळं सांगून मोकळा झाला. काका घरी बसले होते त्या महिन्यात तो रोज सकाळी त्यांना फोन लावून यंत्राला टेकवायचा. काका पलीकडून ऐकायचे आणि म्हणायचे, काढा. नंबर कंपनीकडे गेल्यावरही सवयीने तो पंधरा दिवस फोन लावत राहिला. पलीकडून एक बाई परक्या भाषेत गोड आवाजात काहीतरी बोलायची आणि मग संगीत लागायचं. फोरमनला वाटायचं, थांबायला सांगतायत. तो थांबायचा. तोवर माल करपायचा.

पुतण्याने काकांना गाठलं. "मला का नाही सांगितलंत?"

"तू इतका आनंदात होतास रे," काका म्हणाले. "आणि माल काय जळू द्यायचा होता?"

मग पुतण्याने वकीलबाईंना कळवलं, काकांना परत घ्या. बाईंनी विचारलं, तुमचं तेव्हाचं खरं की आताचं? नाक मुठीत धरून त्याने लिहिलं, आताचं. काकांना एक दिवस येऊन बघायची परवानगी मिळाली.

काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला. काकूंनी घरातून उशी दिली, खुर्ची कडक आहे म्हणून. ती काखेत मारून ते पुतण्यासोबत कारखान्यात शिरले, आणि थबकले. जुन्या यंत्राच्या जागी नवं, चकचकीत यंत्र उभं होतं. चालू होतं. काकांनी डोळे मिटले, कान लावला, बराच वेळ लावला.

"हे बोलतच नाही रे," ते म्हणाले.

कंपनीने खराब मालाचा दोष जुन्या यंत्राला दिला होता. ते मागच्या अंगणात भंगारात पडलं होतं, लाकडी खुर्चीसकट, आणि दोन्हींवर किमतीच्या चिठ्ठ्या होत्या. काकांनी उशी नीट मांडली, खुर्चीवर बसले आणि चिठ्ठी चष्मा लावून वाचली.

"हिची काढलीय कुणीतरी किंमत," ते म्हणाले. "माझं काय आलं होतं रे, तुझ्या अठरा पानांत?"

पुतण्याने मान खाली घातली. "शून्य."

"नुसतं शून्य? पुढे काहीतरी असतं ना तुझं?"

पुढेही शून्यंच होती, दोन. ती त्याला सांगता आली नाहीत.