अग्निजिन्यावरील देवांची हकीकत

श्रीअग्निनारायण शांत असो, जिना मोकळा असो, कुलुपाची किल्ली ज्याची त्याजपाशीं असो. शके एकोणीसशें शेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, माघमासीं एका नगरीं जें वर्तलें तें ऐकिल्याप्रमाणें लिहिलें. कमी असेल तें वाचणारांनीं भरून घ्यावें, अधिक असेल तें आमचें.

त्या नगरीं सहा माळ्यांचा एक बाजारगड होता. दुकानें एकशें चाळीस, आणि त्यांचे कारभारी मोरशेट पावसकर. सहाव्या माळ्यावर बटणांचा व्यापार, स्वभावें गरीब, घाबरण्यांत शूर. गडास मागील अंगें अग्निजिना होता, म्हणजे आग लागलियास पळावयाचा. परंतु वीस वर्षें आग न लागल्यामुळें त्यांत कापडाचे गठ्ठे नांदत होते. मग नगरपालिकेचे अग्निसुभेदार सुभानराव घोसाळकर यांची स्वारी आली आणि आज्ञा जाहली कीं, "जिना रिकामा करा. पंधरा दिवसांनीं भोंगा वाजवूं. आठ मिनिटांत सर्व गड मैदानांत दिसला पाहिजे. न दिसला तर गडास सील!" ऐन लग्नसराईंत सील म्हणजे एकशें चाळीस चुली थंड. मोरशेट यांणीं गठ्ठे काढविले, आणि जिना मोकळा दिसतांच लोक पान खाऊन तेथेंच पिंका टाकूं लागले. तेव्हां झाडलोटीच्या सगुणाबाई यांणीं स्वबुद्धीनें बाराही वळणांवर देवांच्या फरशा बसविल्या; मारुती, गणपती, दत्त, शेजारीं मदिना, त्याखालीं क्रूस. थुंकणारा कोणत्याही धर्माचा असो, सुटका नाहीं. पिंका बंद जाहल्या आणि मोरशेट बहुत खुश जाहले. त्या महिन्यांतलें तें त्यांचें शेवटचें खुश होणें.

मग भोंगा वाजला आणि गड जिन्यांत शिरला. पहिल्याच वळणावर पहिल्यानें चपला काढून हात जोडिले, आणि मग दुसऱ्यानें, आणि मग तिसऱ्यानें. मागून कोणी ओरडला, "अहो चला, आग लागलीय!" पुढून उत्तर आलें, "मग तर नीट पाया पडूं द्या!" खालीं पोहोंचलेले आपापल्या चपला आणावयास पुन्हां वर चढूं लागले, आणि वरचे त्यांस पुसूं लागले कीं आग खालीं आहे काय, आणि मोरशेट मध्यें सांपडून, चढावें कीं उतरावें हें न उमगून, जागींच गिरकी घेत राहिले. घोटाळा काय म्हणून सुभेदार वर निघाले, तों त्यांस मारुती दिसला. बूट काढून नमस्कार केला, इतक्यांत बूट गर्दीनें नेले. त्रेचाळीस मिनिटें लागलीं. सुभेदार अनवाणी गरजले, "आठ दिवसांची मुदत! त्या फरशा काढा!"

"सरकार, तेवढें लेखी द्यावें," मोरशेट म्हणाले.

"देव काढा ऐसें माझ्या हातचें लिहून मागतां? माझी बदली करवितां काय?"

मग गवंडी आणविला. तो छिन्नी घेऊन म्हणाला, "पैला घाव शेटनी घालावा, मग मी हायेच." शेटनीं घाव न घालितां पडदे लाविले. तों वार्ता पसरली कीं देव सोवळ्यांत आहेत, आणि दुसरे दिवशीं नारळ येऊं लागले.

मुदतीच्या दिवशीं, सुभेदार यावयाचे अर्धी घटका आधीं, पांचव्या माळ्यावर शिंप्याची इस्त्री कोटावर राहिली आणि खराच धूर निघाला. मोरशेट सहाव्यावरून खोकत जिन्यांत आले, तों जिना गच्च. प्राणाचें भय म्हणोन लोक दुप्पट वेळ हात जोडून उभे.

"अहो, खरी आग आहे!"

"मागल्या खेपेसही हेंच म्हणत होतां!"

धूर वळणावळणानें उतरूं लागला, माणसें उतरेनात. आज सील नव्हे, आज माणसेंच जातात, हें मोरशेट यांच्या ध्यानीं आलें आणि त्यांस रडूं कोसळलें. इतक्यांत तळाहून सगुणाबाई यांची किंकाळी आली, "अगं बया, खाली परसाद वाटत्यात! शिरा! संपत आला!"

त्याक्षणीं जिना फुटला. चपला न काढितां, देवाकडे न पाहातां, पांच मिनिटांत सर्व गड मैदानांत. मोरशेट यांचे पाय पायरीस लागले कीं नाहीं, हें त्यांसही सांगवेना.

सुभेदार आले, घड्याळ पाहिलें आणि म्हणाले, "शाबास! आणि धूर किती हुबेहूब केलात!"

"सरकार, धूर खरा आहे!"

"वा! घाबरणेंही उत्तम," म्हणोन त्यांणीं पसंतीच्या कागदावर शिक्का मारिला, मग कोटाची एक जळती बाही त्यांच्या टोपीवर पडली, तेव्हां बंब सुटले. सात कोट आणि एक मेज जळालें. माणूस एकही नाहीं.

इकडे गर्दीनें सगुणाबाईंस घेरिलें. "बाई, शिरा कुठंय?"

"संपला! म्हणलं न्हवतं का, संपत आला?"

लोक हळहळले कीं जिन्यांत वेळ घालविला, नाहीं तर मिळाला असता. मोरशेट भानावर आले, तों त्यांचाही हात पसरलेला होता.

येणेंप्रमाणें गड राहिला, देवही राहिले. तेव्हांपासून दरमहा भोंगा वाजतो आणि शेट पदरमोड करून मैदानांत शिरा शिजवितात. आग खरी कीं लटकी हें कोणी पुसत नाहीं. शिरा खरा आहे काय, इतकेंच पुसतात. येथें लेखणी पुसून ठेविली.