चार उजवी वळणं

बाबांना जाऊन सात आठवडे झाले होते आणि त्यांचा पिकअप रविवारी चार वाजता जाणार होता. एका रोपवाटिकावाल्यानं तो घेतला होता. एकोणीस वर्षं बाबांनी त्यातून लोकांची कपाटं पोचवली, यापुढे त्यातून कुंड्या जाणार होत्या. तसं बघितलं तर गाडीला बढतीच मिळाली होती.

शनिवारी सकाळी आई म्हणाली, "गाडी द्यायच्या आधी ती चाकं बसवा."

ती चाकं म्हणजे चार चकचकीत अलॉय चाकं, टायरसकट. सहा वर्षांपूर्वी, लग्नाला तीस वर्षं झाली तेव्हा, आईनं ती बाबांना दिली होती. बाबांनी चक्क टाळ्या वाजवल्या होत्या. "पुढच्या रविवारी बसवतो आणि तुला झोकात एक फेरी मारून आणतो!" असं म्हणाले होते. मग तीनशेच्या वर रविवार आले आणि गेले. दर रविवारी बाबा चाकं अंगणात काढायचे, साबणानं धुवायचे, फडक्यानं पुसायचे, त्यातल्याच एकावर बसून आईनं आणलेला चहा प्यायचे, आणि "आज जरा पाठ धरलीय गं, पुढच्या रविवारी नक्की" म्हणत ती परत जिन्याखाली रचून ठेवायचे. इतक्या अंघोळी घरातल्या कुणाच्याच झाल्या नव्हत्या.

"उद्या तर गाडी जातेय," धाकटी म्हणाली. "आज बसवायची आणि उद्या काढायची?"

"हो."

"कशाला पण?"

"माझी फेरी राहिलीय," आई म्हणाली आणि भाजी चिरायला लागली.

धाकटी एका लिफ्ट कंपनीत तक्रारींचा फोन घ्यायची. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला "घाबरू नका, आमचा माणूस निघालाय" असं शांतपणे सांगणं, हेच तिचं काम. माणूस खरंच निघालाय की नाही, हे तिला बहुतेक वेळा माहीत नसे. थोरला दातांच्या कवळ्या बनवायचा. लोकांची तोंडं त्यानं कधी बघितली नव्हती, फक्त त्यांचे प्लास्टरमधले जबडे. त्यामुळे माणसांविषयी त्याचं मत चांगलं होतं.

थोरल्यानं जॅक लावला, पुढचं उजवं चाक काढलं आणि चकचकीत चाक उचलून लावलं. ते लागलं नाही. गाडीच्या हबचा मधला गोल उंचवटा मोठा होता आणि चाकाचं मधलं भोक लहान.

"किती लहान?"

"साडेतीन मिलिमीटर." थोरल्याचा चेहरा उजळला. "अगं, ही तर कवळीच आहे! टोचतेय फक्त. थोडं थोडं घासायचं, लावून बघायचं, परत घासायचं."

यापेक्षा वाईट विचार त्याच्या डोक्यात याआधी आला नव्हता, पण तो इतक्या आत्मविश्वासानं आला की धाकटीनं त्याला वाट करून दिली.

थोरल्यानं प्रयोगशाळेतून आपलं कवळ्या घासायचं बारकं यंत्र आणलं. हबवर निळा कार्बन कागद धरायचा, चाक दाबायचं, काढायचं, जिथे निळा डाग पडला तेवढंच घासायचं. कवळीला हे तीन-चार वेळा करावं लागतं. पहिल्या चाकाला अकरा वाजेपर्यंत एक्केचाळीस वेळा झालं. प्रत्येक वेळी चाक लावल्यावर थोरला सवयीनं गाडीला म्हणायचा, "हं, आता चावून बघा."

खिडकीतून आई विचारायची, "बसलं का?"

"जवळजवळ!"

बाराला बारक्या यंत्रानं प्राण सोडला. धाकटीनं कोपऱ्यावरच्या ग्रिलवाल्याकडून मोठा ग्राइंडर आणला. त्यानं दहा मिनिटांत पहिलं चाक झालं. थोरल्याला ते आवडलं नाही. "याला कला म्हणत नाहीत," तो म्हणाला, आणि दुसरं चाकही दहाच मिनिटांत केलं.

दोन चाकं पुढे लागली. धाकटीनं आत बसून स्टिअरिंग फिरवलं आणि गाडीनं असा आवाज काढला की आईनं गॅस बंद केला.

"काय झालं?"

"घाबरू नकोस," धाकटी म्हणाली. "माणूस निघालाय."

चाकं रुंद होती. वळवली की टायर मडगार्डला घासून अडत होते. आता मडगार्डची कड कापायची, याला पर्याय नव्हता, म्हणजे होता, पण तो कुणी सुचवला नाही. थोरल्यानं उजवी बाजू कापली. सुंदर कापली, कवळीच्या हिरडीसारखी गोल. मग डावीकडे येऊन ग्राइंडर टेकवला, तर त्यातून काळा धूर आला, एक ठिणगी उडाली आणि सगळं शांत झालं. धाकटी धावत ग्रिलवाल्याकडे गेली. दुकानाला कुलूप होतं. दोन दिवस तो परगावी गेला होता, दुसरा ग्राइंडर घेऊन.

"म्हणजे गाडी आता उजवीकडे वळते," थोरला म्हणाला.

"आणि डावीकडे?"

"डावीकडे वळत नाही."

धाकटीनं जॅक उचलून मागच्या चाकाशी नेला.

मागच्या दोन चाकांचं काम हातानं, कानशीनं करावं लागलं. त्यात शनिवार संपला आणि रविवारची दुपार आली. शेवटचं चाक सगळ्यात खाली रचलेलं होतं. ते उलटं केलं तेव्हा आतल्या बाजूला मार्करनं काहीतरी लिहिलेलं दिसलं. अक्षर बाबांचं. कपाटांच्या खोक्यांवर पत्ते लिहायचे, तसंच तिरकं.

"मधलं भोक साडेतीन मि.मी. लहान. बसणार नाहीत. हिला सांगायचं नाही."

खाली तारीख होती. चाकं घरी आली त्याच आठवड्यातली.

थोरल्याच्या हातातली कानस थांबली.

"म्हणजे सहा वर्षं..." धाकटी म्हणाली.

"पाठ धरली नव्हती."

"पाठ कसली धरतेय! चौथ्या मजल्यावर कपाट चढवायचे ते."

खिडकीतून आवाज आला, "बसलं का रे?"

"बसतंय!" दोघं एकदम ओरडली. मग थोरल्यानं ते चाक उचललं, घासलं आणि लिहिलेली बाजू आत ठेवून घट्ट बसवलं. नट आवळताना त्याला दोनदा नाक पुसावं लागलं. अॅल्युमिनियमची धूळ फार वाईट असते.

साडेतीनला आई बाहेर आली. तिनं ठेवणीतली साडी नेसली होती. गाडीकडे एकदा बघून ती म्हणाली, "छान दिसतेय." आणि सीटवर मधोमध जाऊन बसली. धाकटी स्टिअरिंगवर, थोरला दाराशी.

"कुठे जायचं?" आईनं विचारलं.

"उजवीकडे," धाकटी म्हणाली.

फाटकातून बाहेर, उजवीकडे. चालत्या माणसाच्या वेगानं. शिंप्याच्या दुकानाशी परत उजवीकडे. "इथून डावीकडे तळं आहे ना?" आई म्हणाली. "तळं आज बंद आहे," थोरला म्हणाला. शाळेच्या भिंतीशी तिसऱ्यांदा उजवीकडे वळताना तिचे डोळे भरले आणि पुसायला फडकं मिळतंय का म्हणून तिनं समोरचा खण उघडला. आत बाबांचा रुमाल होता. त्यात काहीतरी बांधलेलं होतं. तिनं गाठ सोडली.

कवळी निघाली. वरची.

थोरल्यानं ती ओळखली. आपलं काम त्यानं अंधारातसुद्धा ओळखलं असतं. बाबांसाठी त्यानं स्वतः केलेली, पाच वर्षांपूर्वी. तिच्यावर एकही ओरखडा नव्हता.

"अगंबाई, इथे होती होय," आई म्हणाली. "घरभर शोधली मी."

"इथे का?"

"गाडीत डबा खाताना काढून ठेवायचे ना. टोचायची म्हणे फार. तू घरी आलास की घालायचे."

"मला तर म्हणायचे, एकदम झकास बसलीय!"

"मग काय सांगणार तुला? तू दर वेळी इतका वाकून बघायचास तोंडात."

थोरला खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं, शाळेची भिंतच होती, पण ती हळूहळू जात असल्यामुळे पुरली.

"चाकांचंही तसंच," आई म्हणाली.

धाकटीचा पाय ब्रेकवर गेला. "तुला माहीत होतं?"

"दुसऱ्याच दिवशी दुकानदाराचा फोन आला. चुकीची दिली म्हणाला, बदलून न्या. मी सांगायला अंगणात गेले तर हे चाकं धुवत बसलेले. गुणगुणत. इतकी वर्षं या माणसानं दुसऱ्यांचंच सामान वाहिलं, स्वतःची अशी चकचकीत वस्तू पहिल्यांदा आलेली." तिनं कवळी परत रुमालात बांधली. "म्हटलं, राहू दे. चहा केला."

"आणि दर रविवारी 'बसवणार कधी' म्हणून त्यांना टोचायचीस!"

"मग? विचारलं नसतं तर त्यांना कळलं नसतं का, मला कळलंय ते?"

गाडी चौथ्यांदा उजवीकडे वळली आणि घर आलं. फाटकाशी रोपवाटिकावाला उभा होता. त्यानं हसून हात वर केला.

"आणखी एक," आई म्हणाली.

धाकटीनं गाडी थांबवली नाही. रोपवाटिकावाल्याचा हात वरच राहिला. दुसऱ्या फेरीत त्यानं घड्याळ दाखवलं. तिसऱ्या फेरीत तो गाडीबरोबर चालायला लागला. चालणं जड नव्हतं, गाडीपेक्षा तो थोडा पुढेच होता.

"अहो, ही माझीच गाडी ना?"

"घाबरू नका," धाकटी म्हणाली. "माणूस निघालाय."

"पण तुम्ही अशा गोल गोल का फिरताय?"

"डावीकडे वळत नाही," थोरला खिडकीतून म्हणाला.

"माझी रोपवाटिका डावीकडे आहे हो!"

पाचव्या फेरीनंतर आई म्हणाली, "बास." मग जुनी चाकं परत लावली. रोपवाटिकावाल्यानं कापलेल्या मडगार्डवरून बोट फिरवलं आणि आईच्या चेहऱ्याकडे बघून काहीच विचारलं नाही. गाडी फाटकातून बाहेर पडली आणि डावीकडे वळली. इतक्या सहज की तिघांनाही जरा राग आला.

पुढच्या रविवारी सकाळी धाकटीला अंगणात पाण्याचा आवाज आला. आईनं जिन्याखालची चारही चाकं बाहेर काढली होती आणि पदर खोचून ती धुवत होती. एक मात्र तिनं फक्त बाहेरून धुतलं. आतल्या बाजूला पाणी जाऊ नये म्हणून त्यावर जुनी चादर दाबून धरली होती.

पायरीवर थोरला बसला होता. त्याच्या मांडीवर बाबांचा प्लास्टरचा जबडा होता, प्रयोगशाळेच्या फळीवरून शोधून आणलेला. कार्बन कागद ठेवायचा, कवळी दाबायची, काढायची, निळा डाग पडला तेवढंच घासायचं. हातानंच. सकाळपासून तेच चाललं होतं.

धाकटीनं दोघांना चहा आणून दिला. आई एका चाकावर बसली.

"बसली का रे?" तिनं विचारलं.

थोरल्यानं कवळी जबड्यावर ठेवली, अंगठ्यानं दाबली, हलवून बघितली. ती हलली नाही.

"बसली," तो म्हणाला.