हद्दीबाहेरचे टायर

जीपला मोठे टायर टाकायचे, हे मी अंघोळ करताना ठरवलं. माझे बरेचसे निर्णय अंघोळ करतानाच होतात, कारण तेव्हा बायकोला मध्ये बोलता येत नाही. (बोलते. दाराबाहेरून बोलते. पण बादलीवरचा नळ मोठा सोडता येतो.)

निर्णयाचं कारण सासुरवाडी. माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे पुंजाजींचा मळा अमडापूरच्या जरा पुढे, डांबरी सोडून आत आहे. आत जायला पांदण. दोन्ही बाजूंना बाभळी आणि मध्ये काळी माती. ही माती उन्हाळ्यात दगडासारखी असते आणि पावसाळ्यात कोणालाच सोडत नाही. माझी सेकंडहँड जीप त्या पांदणीत दर पावसाळ्यात रुतते आणि दर पावसाळ्यात सासऱ्यांचे बैल येऊन तिला ओढून नेतात.

हेही मी सोसलं असतं. पण मागच्या साली आम्ही गेलो तो दिवस नेमका पोळ्याचा निघाला. पोळ्याला बैलाच्या खांद्यावर कोणी जू ठेवत नाही. वर्षभर राबलेल्या जनावराचा तो एकच दिवस. त्या दिवशी अंगावर झूल, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगुरमाळा अशा थाटातले बैल पांदणीत आले आणि त्यांनी जावयाची जीप ओढली. सासूबाईंनी, सत्यभामाबाईंनी, त्यांच्यापुढे हात जोडून माफी मागितली आणि एकेक पुरणपोळी जास्त खाऊ घातली. मला नेहमीइतक्याच मिळाल्या.

माझे साडू अर्जुनराव यांनी या सगळ्याचा व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला. अर्जुनराव स्वतःची गाडी डांबरीवरच ठेवून बैलगाडीतून आत येतात. (मी त्यांना भित्रा समजत होतो.) संजीवनीने, म्हणजे माझ्या बायकोने, महिनाभर तो ग्रुप उघडला नाही. एकदा भाकरी थापता थापता ती म्हणाली, "बहीण माहेरी जाते त पावनी म्हनून जाते. म्या जाते त तमाशा म्हनून जाते." ते मला लागलं. मी तसं दाखवलं नाही, दुसरी भाकर मागितली, पण लागलं.

आणि यंदा अधिक श्रावण आला. तीन वर्षांनी येणारा धोंड्याचा महिना, ऐन पावसात. सासऱ्यांचा फोन आला, "जवाई, धोंड्याच्या जेवनाले या दोघंबी. बैल पाठवतोच म्या." ते 'पाठवतोच' ऐकलं आणि मी अंघोळीला गेलो.

बुलढाण्यात चिखली रोडला शेखरचं टायर-डिस्कचं दुकान आहे. मी म्हटलं, मोठे, गुठळीदार, चिखलात चालणारे टायर पाहिजेत. तो म्हणाला, भेटतील, पण जुन्या अरुंद डिस्कवर, म्हणजे आतल्या लोखंडी चाकावर, ते बसणार नाहीत, डिस्क रुंद मागवावी लागेल.

"बॅकस्पेसिंग किती ठेवाचं?" त्याने विचारलं.

मला तो शब्द माहीत नव्हता. पण मी मोजणी खात्यात आहे. भावाभावांत शेताचा धुरा, म्हणजे बांध, नेमका कुठून जातो हे सांगण्याचा मला पगार मिळतो. मोजमापाच्या बाबतीत 'माहीत नाही' म्हणायची मला सोय नाही. मी म्हटलं, "तुझ्या मते किती ठेवावं?"

शेखरने एक डिस्क आडवी केली आणि मला समजावलं. डिस्कच्या आत, जिथे नट बसतात, ती पाटी म्हणजे शेतातला मधला धुरा. त्या धुऱ्यापासून मागच्या, म्हणजे जीपच्या पोटाकडच्या कडेपर्यंत जेवढी जागा, ते बॅकस्पेसिंग. धुरा शेताच्या बरोबर मधोमध असेल तर ऑफसेट शून्य, इकडे-तिकडे सरकला तर तेवढा ऑफसेट. "मांगची जागा लई ठेवली त टायर आतमंदी स्प्रिंगच्या पाट्याले घासते. कमी ठेवली त चाक बाहीर निंघते. तुमची जुनी डिस्क खोलून मोजा न् मले आकडा सांगा. त्याच हिशोबानं नवी मांगवतो."

इतकं सोपं कोणी मला खात्यातही समजावलं नव्हतं. मी घरी आलो, चाक खोललं आणि अंगणात मांडलं. ऑफिसची टेप काढली. चाकाची सुबक बाजू, जिच्यावर टोपण बसतं ती, वर ठेवली. एक पट्टी आडवी टाकली आणि पट्टीपासून खाली पाटीपर्यंत मोजलं. तीन इंच.

संजीवनी ओट्यावर मेथी निवडत होती. "तो मांगून मोजा म्हने ना?"

"चाक गोल असतं," मी म्हटलं. "त्याला मागं-पुढं काय?"

"मंग त्यानं मांगून काऊन म्हटलं असंन?"

"हे बघ, मोजणी नेहमी रस्त्याच्या बाजूनं सुरू करायची असते. रस्ता हलत नाही. माझं आयुष्य गेलं यात."

तिने मेथीची काडी मोडली आणि पुढची जुडी घेतली. (मागच्या बाजूने मोजलं असतं तर चार इंच भरलं असतं. हे मला नंतर कळलं, आणि ज्या तऱ्हेने कळलं ते पुढे येईलच.)

शेखरला आकडा सांगितला तेव्हा तोही जरा थबकला. "तीन? कमी नाही होत, साहेब?"

"मी मोजणी खात्यात आहे," मी म्हटलं. या वाक्यावर आमच्या जिल्ह्यात वाद थांबतात. तोही थांबला.

डिस्क आल्या, टायर चढले, आणि जीप जॅकवरून खाली उतरली. चारही चाकं मडगार्डच्या बाहेर आलेली होती. तोकड्या बाहीच्या झंपरातून दंड दिसावा तशी. मी शेखरकडे पाहिलं. शेखर आभाळाकडे पाहत होता.

"बाहेर आलीत का रे?"

"स्टाईलच आहे, साहेब, आजकालची. फक्त स्टेरिंग पुरं नोका वळवू. कोपऱ्याले घासते."

मी विचार केला, पुरं वळायची वेळ माणसावर येते कधी? आमच्या घराच्या फाटकात त्याच संध्याकाळी आली. चार वेळा मागे-पुढे केलं तेव्हा जीप आत गेली. पण गेली. पाऊस नव्हता, रस्ते कोरडे होते, पोरं थांबून पाहत होती आणि मी खूश होतो. जीप इतकी उंच झाली होती की संजीवनीला चढायला मी पाट ठेवला.

धोंड्याच्या दिवशी पहाटेपासून पाऊस. चिखलीपर्यंत मी गाणी म्हटली. अमडापूर मागे टाकून पांदणीच्या तोंडाशी आलो तेव्हा संजीवनीने पदर कंबरेला खोचला. ही तिची दरवेळची रुतण्याची तयारी. अंगावर नवी, मोतिया रंगाची साडी होती. तरी खोचला.

"सोड तो पदर," मी म्हटलं आणि जीप घातली.

आणि काय सांगू तुम्हाला! जीप गेली. काळ्या मातीतून गुरगुरत, डुलत, पण न थांबता गेली. जिथे दर साली रुततो ती बाभूळ आली आणि मागे पडली. संजीवनीने वळून त्या बाभळीकडे पाहिलं. मग पदर सोडला, नीट खांद्यावर घेतला आणि म्हणाली, "आज पहिल्यांदा माहेरी मानसावानी येऊन राह्यलो आपुन." माझा ऊर भरून आला. खरंच आला. दोन्ही बाजूंच्या बाभळींवर शेंड्यापर्यंत चिखल उडत होता, पण आनंदात ते कोण बघतो?

मळ्याच्या फाटकाशी सगळे उभे होते. इंजिनाचा आवाज ऐकून पावसाच्या उघडीपीत बाहेर आले होते. सासरे धुवट धोतरात. सासूबाई हातात ओवाळणीचं ताट घेऊन. अर्जुनराव पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात, हातात मोबाइल, व्हिडिओच्या तयारीने. बैल मात्र गोठ्यात. मी मुद्दाम जोरात हॉर्न दिला.

आता फाटक हे पांदणीला काटकोनात आहे. पुरतं वळावं लागतं.

मी वळवलं. टायरने कोपऱ्याला घासून कर्र केलं आणि स्टेरिंग अडलं. जीप फाटक सोडून सरळ पुढे गेली. मागे घ्यावी म्हणून मी रिव्हर्स टाकला आणि दाबला. मागची चाकं जागच्या जागी फिरली. मडगार्ड असतं ते चिखल अडवायला. पण आमची चाकं मडगार्डच्या हद्दीबाहेर होती, त्यामुळे चिखल कोणी अडवला नाही. तो सरळ फाटकाकडे गेला.

मला आरशात काही दिसेना, कारण आरशावरही चिखल होता. मी पुन्हा पुढे घेतली.

"थांबा, थांबा, म्या उतरून सांगते," म्हणत संजीवनी उतरून जीपच्या मागे गेली. ती "डावीकडं, डावीकडं" असं ओरडत होती. मग एकदम ओरडायची थांबली. मला वाटलं, बरोबर चाललंय. म्हणून आणखी जोरात दाबलं.

पाच-सहा खेपांत जीप फाटकातून आत शिरली आणि ओट्याला लागून उभी राहिली. मी इंजिन बंद केलं. जीप एवढी उंच होती की दार उघडून पाय टाकला तो थेट ओट्यावरच पडला.

मग मी वळून पाहिलं.

सासरे धोतरासकट काळे झाले होते. सासूबाईंच्या ताटातला दिवा विझला होता आणि कुंकवाच्या जागी पाव किलो पांदण होती. अर्जुनराव कोणते ते सदऱ्यावरून ओळखता येईना, मोबाइलवरून ओळखलं. आणि संजीवनीची साडी कोणत्या रंगाची होती ते आता फक्त मला माहीत होतं. ती माझ्याकडे पाहत होती. रागावली असती तर बरं झालं असतं. मघाशी त्या बाभळीपाशी तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पार घालवलं होतं, आणि मला खरोखर जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

शेवटी सासूबाई बोलल्या. त्या कर्तव्याला चुकणाऱ्या नाहीत. "पाय धुवाले या, जवाई."

धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे नारायण. त्याचे पाय सासू-सासरे धुतात. घंगाळ भरून ठेवलेलंच होतं. मी पाटावर बसलो, पाय पुढे केले. सासऱ्यांनी तांब्या उचलला आणि तसाच धरून राहिले. सगळे माझ्या पायांकडे पाहू लागले.

त्या सगळ्या मळ्यात स्वच्छ पाय तेवढे माझेच होते.

"याचं काय धुवाचं हो?" सासरे सासूबाईंना म्हणाले. मग तांब्या माझ्या हातात देऊन स्वतः पाटावर बसले. "घ्या. यंदा नारायन आमी."

मी सासऱ्यांचे पाय धुतले. सासूबाई नको नको म्हणत होत्या, त्यांचेही धुतले. अर्जुनराव नको म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "कानामांगंबी घ्या, साडूभाऊ." विहिरीवरून पाणी आणायला मीच, कारण बाकी सगळे धुवायच्या रांगेत होते. शेवटी संजीवनी बसली. मी खाली मान घालून तिच्या पायावर पाणी ओतत होतो.

"चार असंन ते," ती हळूच म्हणाली.

"काय?"

"मांगून मोजलं असतं त."

मी तिच्या पैंजणातली माती काढत राहिलो. जेवताना तिने धोंडे मला वाढले, तूपही वाढलं, आणि बोलली मात्र सगळ्यांशी.

जेवण झाल्यावर सासऱ्यांनी ओट्यावरून उतरून जीपभोवती एक फेरी मारली. चाकावर हात ठेवला. "मजबूत आहे. रुतली नाही, हे मान्य," ते म्हणाले. मी ताठ बसलो. मग त्यांनी अंगणाकडे पाहिलं, दोरीवर वाळत असलेली धोतरं, साड्या, सदरे पाहिले. "पन बैल ओढत होते ना, तवा एकटी तुमची गाडीच चिखलानं भरे."

दुसऱ्या दिवशी निघालो. आमच्याकडे लेक-जावयाला निरोप द्यायला घर सगळं शिवेपर्यंत येतं. सासूबाई दर वेळी डोळे पुसत पांदणीच्या तोंडापर्यंत यायच्या. या वेळी त्यांनी मला गच्चीवरूनच हात केला. शेजारी अर्जुनराव होते, सासऱ्यांचा सदरा घालून.

संजीवनी जीपकडे आली, पाटाकडे पाहिलं, आणि बैलगाडीकडे वळली. सासरे कासरा धरून बसलेच होते. "डांबरीवर बसते म्या तुमच्यासंगं," ती मला म्हणाली. "तवर बाबाच्या गाडीत जाते. ही एकच साडी कोरडी आहे."

बैलगाडी पुढे निघाली. तिच्या पुढे जाणं शक्य नव्हतं, पांदण अरुंद होती. जवळ जाण्याची मला मनाई होती. म्हणून मी भरपूर अंतर ठेवून, पहिल्या गिअरमध्ये, बैलांच्या चालीने मागे मागे गेलो. तरी एक गोष्ट मी स्वतःला बजावत होतो. बैलांच्या मागे आहे, कबूल, पण कोणी ओढत नाहीये. रुतलो नाही, अडलो नाही, स्वतःच्या इंजिनावर चाललोय.

घरी आल्यावर पाहिलं तर ग्रुपवर व्हिडिओ आला होता. गच्चीवरून फार स्वच्छ येतो. पुढे बैल, मागे मी. आणि त्याखाली पहिला शेरा संजीवनीचा होता. कालपासून माझ्याशी नीट न बोललेली बाई आतल्या खोलीत बसून हसत होती, इथपर्यंत ऐकू येत होतं.

तिने लिहिलं होतं, "यंदा दोर जरा लांब घेतला."